पात्रतेच्या ओळीत कुणाचे नाव?

गोव्यात लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवर चालणारे सर्व्हर सांभाळायला माणूस हवा अशी जाहिरात निघाली, मग ती वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची असो, किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलची असो की सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपनीची, तिच्यातली पात्रतेची ओळ बहुधा एकाच साच्यातली असते. पदवी किंवा पदविका, दोन-तीन वर्षांचा अनुभव, आणि पुढे 'आरएचसीएसए किंवा आरएचसीई असल्यास प्राधान्य'. ही दोन्ही रेड हॅट या लिनक्स पुरवणाऱ्या कंपनीची प्रमाणपत्रे, पहिले प्राथमिक आणि दुसरे त्यावरचे. ही ओळ कुणी घातली आणि कशासाठी, असे विचारले तर उत्तर मिळते, मागच्या जाहिरातीत होती. मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्या सिस्टम ॲडमिनसाठीच्या प्रमाणपत्रांत गेली पंचवीस वर्षे चढाओढ चालू आहे. कोणती परीक्षा चांगली, कुणाचा अभ्यासक्रम खोल, यावर जाणकार तावातावाने भांडतात. मात्र त्या चढाओढीचा निकाल लागतो तो या उतरवून घेतलेल्या ओळीत.

चढाओढ सुरू झाली १९९९ च्या सुमारास. रेड हॅट कंपनीने आरएचसीई ही आपली परीक्षा बाजारात आणली. त्याच वर्षी कॅनडात लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट, म्हणजे एलपीआय, ही ना-नफा संस्था स्थापन झाली. सायर नावाची तिसरी परीक्षाही तेव्हा होती. काही वर्षांत ती दिसेनाशी झाली. उरलेल्या दोघांची भूमिका पहिल्यापासून वेगळी. रेड हॅटचे म्हणणे, यंत्रासमोर बसा आणि काम करून दाखवा, पण यंत्रावर आमचेच लिनक्स असेल. एलपीआयचे म्हणणे, लिनक्स कुणा एका कंपनीचे नाही, तेव्हा डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या पद्धतीने पॅकेज, म्हणजे प्रोग्राम, कसे टाकायचे तेही यायला हवे आणि रेड हॅटच्या पद्धतीनेही. परीक्षा मात्र प्रश्नपत्रिकेची. नव्वद मिनिटे, साठ प्रश्न, बहुतेक पर्यायी, थोडे रिकाम्या जागा भरा. पहिल्या पायरीसाठी असे दोन पेपर. पुढे नॉव्हेल कंपनीने सूझ या आपल्या लिनक्ससाठी परीक्षा काढली, ऑरेकलने आपल्या लिनक्ससाठी काढली, संगणक क्षेत्रातली प्रमाणपत्रे देणाऱ्या कॉम्पटियाची लिनक्स प्लस ही परीक्षा होतीच, आणि २०१४ मध्ये खुद्द लिनक्स फाउंडेशन, म्हणजे लिनक्सच्या विकासामागची संस्था, मैदानात उतरली.

या सगळ्या इतिहासातल्या दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात, आणि जाहिरात लिहिणाऱ्यांपैकी क्वचितच कुणाला त्या ठाऊक असतात.

पहिली गोष्ट कॉम्पटिया आणि एलपीआय यांची. २०१० च्या सुमारास दोघांनी हातमिळवणी केली. लिनक्स प्लसचे दोन पेपर म्हणजे एलपीआयच्या पहिल्या पायरीचेच दोन पेपर झाले. परीक्षा एकदाच द्यायची, आणि कॉम्पटियाचे प्रमाणपत्र मिळाले की एलपीआयचेही पदरात पाडून घ्यायचे. सूझचे सुरुवातीचे प्रमाणपत्रही त्याच जोरावर मिळवता येई. २०१९ मध्ये कॉम्पटियाने स्वतःची स्वतंत्र परीक्षा काढली आणि हा संसार मोडला. पण मधली आठ-नऊ वर्षे तेच प्रश्न, तेच गुण, तोच उमेदवार, आणि भिंतीवर लावायला दोन-तीन चौकटी. त्या काळात एखाद्या जाहिरातीत 'लिनक्स प्लस हवे' असे असेल आणि उमेदवाराच्या अर्जात फक्त एलपीआयचे नाव असेल, तर त्याचा अर्ज बाजूला पडण्याची पुरती सोय होती.

दुसरी गोष्ट नेमकी उलटी. आरएचईएल म्हणजे रेड हॅटचे लिनक्स. त्याच्या सातव्या आवृत्तीपर्यंत आरएचसीई झालेला माणूस म्हणजे सेवा उभ्या करणारा माणूस. अपाचे वेब सर्व्हर, नेटवर्कवरून फाइली वाटून देणारे एनएफएस आणि सांबा, नेटवर्कवरून डिस्क जोडणे, मेल पुढे पाठवणे, मारियाडीबी हा डेटाबेस, थोडी शेल स्क्रिप्ट, म्हणजे आदेश ओळीने लिहून ठेवलेली फाइल. आरएचईएल ८ बरोबर ही परीक्षा बदलली आणि जवळजवळ सगळी ॲन्सिबलवर गेली. एका ठिकाणी बसून अनेक यंत्रांची रचना लावणारे हे साधन. २०१५ मध्ये रेड हॅटने ते बनवणारी कंपनीच विकत घेतली होती. ॲन्सिबल चांगले आहे, मुक्त आहे, मी स्वतः रोज वापरतो. शंभर यंत्रे सांभाळणाऱ्याला ते आलेच पाहिजे. पण म्हापशातल्या ज्या व्यापाऱ्याकडे दोनच सर्व्हर आहेत आणि ज्याला मेल का अडकते हे कळणारा माणूस हवा आहे, त्याच्या जाहिरातीतले 'आरएचसीई' हे अक्षर न अक्षर तेच राहिले आणि त्यामागचा माणूस बदलला. व्यापाऱ्याला कुणी सांगितले नाही. सांगायची जबाबदारी कुणाची, हेही ठरलेले नाही.

एकीकडे एकाच परीक्षेला दोन नावे, दुसरीकडे एकाच नावाखाली दोन परीक्षा. मग नावावरून पारख होते ती कसली?

यावर भरतीचे काम बघणारा माणूस म्हणेल, साहेब, माझ्या टेबलावर अर्जांचा ढीग आहे, मला लिनक्समधले ओ की ठो कळत नाही, कुठेतरी कात्री लावायलाच हवी. त्याचे चूक नाही. कात्री लागणारच. आणि कात्री लावायचीच असेल तर रेड हॅटची परीक्षा ही काही वाईट कात्री नव्हे, हे मी विरोधात लिहीत असूनही मान्य करतो. तिच्यात पाठांतर फारसे चालत नाही. आरएचसीएसएला अडीच-तीन तास, समोर यंत्र, ३०० पैकी २१० गुण हवेत. इंटरनेट नाही, यंत्रावरची मॅन पाने, म्हणजे आदेशांची माहितीपाने, वाचायची मुभा आहे. आणि जाहीर केलेल्या उद्दिष्टांतच एक अट स्पष्ट घातलेली आहे, केलेली प्रत्येक रचना यंत्र पुन्हा सुरू केल्यावर कुणी हात न लावता टिकली पाहिजे.

ही अट वाचायला साधी आहे, पण अनेकांची दांडी तिच्यापायीच उडते. नवी डिस्क जोडली, तिच्यावर फाइल सिस्टम बनवली, ती माउंट केली, म्हणजे वापरासाठी यंत्राला जोडली, फाइल टाकून पाहिली, सगळे चालले. मग कायमची नोंद एफएसटॅब या फाइलीत करताना ओळखक्रमांकातले एक अक्षर चुकले. तोवर काही बिघडत नाही. यंत्र पुन्हा सुरू केले की ते त्या न सापडणाऱ्या डिस्कची दीड मिनिट वाट बघते आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर येऊन रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड मागत उभे राहते. त्या यंत्रावर केलेली बाकीची कामे बरोबर असली तरी तपासणार कशी? ज्याला सवय आहे तो नोंद केल्यावर आधी एफएसटॅबमधल्या सगळ्या नोंदी जोडून बघणारा 'माउंट-ए' हा आदेश चालवून बघतो आणि मगच यंत्र बंद करतो. ही सवय चार पर्यायांतून एक निवडायला सांगून कळत नाही.

गोव्यात ही परीक्षा दर पावसाळ्यात फुकट होते. फोंडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेत जूनमधल्या एका रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, यूपीएसने अर्धा तास दम धरला आणि मान टाकली. सकाळी लाइट आली, सर्व्हर चालू झाला, आणि काउंटरवरचा एकही संगणक आत शिरेना. डेटाबेस कुणीतरी वर्षभरापूर्वी हाताने सुरू केला होता, यंत्राबरोबर आपोआप सुरू व्हावा अशी नोंद केलीच नव्हती. वर्षभर यंत्र बंद झाले नाही, म्हणून कुणाला पत्ता नाही. शिवाय सुरक्षेचे एसईलिनक्स पूर्ण बंद करून ठेवलेले, कारण बसवणाऱ्याला एकदा ते आडवे आले होते. बाहेरून येणारे बरेच तंत्रज्ञ पहिल्याच दिवशी हा उपाय करतात. घरात डास येतात म्हणून दारच काढून ठेवावे तसा. दुरुस्ती एका आदेशाची होती. ती कळेपर्यंत बाहेर पेन्शनवाल्यांची रांग लागली होती.

तेव्हा परीक्षा हाताची हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार आहे ती 'हाताची परीक्षा' म्हणजे 'एका कंपनीची परीक्षा' असे समीकरण बसले आहे, त्याच्याशी.

ते समीकरण किती महाग पडू शकते हे डिसेंबर २०२० मध्ये दिसले. रेड हॅटचे लिनक्स वापरायचे तर वर्गणी भरावी लागते. म्हणून गावोगावचे विद्यार्थी, क्लासवाले आणि लहान कंपन्या सेंटओएस वापरत. हुबेहूब तेच, फुकट. सेंटओएस प्रकल्प २०१४ मध्ये रेड हॅटच्या पंखाखाली आला, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅटच विकत घेतली. सेंटओएस ८ ची साथ २०२९ पर्यंत मिळेल या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले होते. ती २०२१ अखेर थांबेल असे अचानक जाहीर झाले. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे सेंटओएसची जागा घेणारे फुकट पर्याय त्यातूनच जन्माला आले. रेड हॅटने २०२१ मध्ये १६ यंत्रांपर्यंत फुकट परवाना देऊ केला हेही खरे, आणि २०२३ मध्ये आपल्या सोर्स कोडची वाट अरुंद केली हेही खरे. कंपनीने कायद्याबाहेरचे काही केले नाही. धंदा तिचा, निर्णय तिचा. पण आपल्या भरतीचा निकष, आपल्या मुलांचा अभ्यासक्रम आणि आपल्या कार्यालयाचे सर्व्हर असे तिन्ही एकाच दावणीला बांधले असतील, तर तिथे घेतलेल्या निर्णयाचा धक्का तिन्हींना एकदम बसतो. मुक्त सॉफ्टवेअर घेण्यामागे कुणा एकावर अवलंबून राहायचे नाही हा विचार असतो. तो दारातच सोडून आत जायचे, तर मग मुक्त सॉफ्टवेअर घेतलेच कशाला?

चढाओढीने काहीच दिले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. लिनक्स फाउंडेशनने २०१४ मध्ये आपली परीक्षा आणली तीच हाताची आणि घरबसल्या देण्याची. कॅमेऱ्यासमोर बसायचे, दोन तास, समोर टर्मिनल. रेड हॅटच्या परीक्षेला तेव्हा गोव्यातल्या मुलाला बहुधा पुण्या-मुंबईची किंवा बेंगळुरूची गाडी धरावी लागे. लॉजचा खर्च वेगळा. पुढे कोविडच्या वर्षी रेड हॅटनेही पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून घरून परीक्षा द्यायची सोय केली. साथीचा रेटा होता, पण प्रतिस्पर्ध्याने ते शक्य असल्याचे आधीच दाखवले होते, हेही विसरून चालणार नाही. आता काणकोणची मुलगी घरी बसून परीक्षा देऊ शकते. लाइट आणि नेट टिकले तर.

आणखी एक उदाहरण जास्त महत्त्वाचे आहे. अनेक यंत्रांवर प्रोग्राम चालवून सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या मुक्त साधनासाठीची सीकेए ही परीक्षा २०१७ मध्ये आली. कुणा एका कंपनीची नाही, पूर्ण हाताची, परीक्षेत अधिकृत माहितीपाने उघडून बघायची मुभा, आणि तरीही थोड्याच वर्षांत तिला जगभर मान मिळाला. एलपीआयला दोन दशकांत जे नीट जमले नाही ते हिला इतक्या लवकर कसे जमले? परीक्षा चांगली आहे, हे एक. कुबरनेटीसची लाट होती, हे दुसरे. पण तिसरे कारण कागदावरचे आहे. कुबरनेटीसची अधिकृत सेवा देणारी कंपनी म्हणून यादीत यायचे तर निदान तीन सीकेए झालेले लोक पदरी हवेत, असा नियम आहे. मोठ्या विक्रेत्या कंपन्यांच्या भागीदार योजनांतही अशाच अटी असतात. म्हणजे कंपनी जेव्हा 'प्रमाणपत्र हवेच' म्हणते तेव्हा कित्येकदा तिला तुमच्या कौशल्याची निकड नसते, यादीतली जागा राखायची असते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त उमेदवाराने ते ओळखून फी भरावी.

कारण फी उमेदवार भरतो. अभ्यासाचे साहित्य फुकट, सॉफ्टवेअर फुकट, परीक्षा मात्र नगदी. आणि एकदा भरून भागत नाही. रेड हॅटच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे, एलपीआयची पाच, लिनक्स फाउंडेशनने तर २०२४ पासून ती दोन वर्षांवर आणली. तंत्र बदलते म्हणून मुदत हवी हे पटते. तीनाची दोन झाली की उत्पन्न वाढते, हेही तितकेच पटते. या खर्चापायी एक वेगळा बाजार उभा राहतो: जुन्या प्रश्नांचे 'डम्प' विकणारे. प्रश्नपत्रिकेच्या परीक्षा त्यात जास्त सापडतात, पण हाताच्या परीक्षाही सुटलेल्या नाहीत. तीच वीस कामे महिनाभर घोटून घेणारे क्लास आहेतच. अशा क्लासमधून आलेल्या मुलाला डिस्क भरली आहे एवढेच सांगा आणि गंमत बघा. डिस्कवरची उरलेली जागा दाखवणारा 'डीएफ' हा आदेश म्हणतो जागा शंभर टक्के संपली, फाइलींचे आकार मोजणाऱ्या 'डीयू' ने बेरीज करावी तर अर्धीही भरत नाही. कुणीतरी मोठी लॉग फाइल, म्हणजे नोंदींची फाइल, पुसली, पण ती उघडून बसलेला प्रोग्राम अजून चालूच आहे, म्हणून जागा सुटत नाही. हे घोटलेल्या वीस कामांत नसते, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या आयुष्यात वरचेवर येते.

आता गोव्याचे. राज्य लहान, नोकऱ्या थोड्या, आणि लिनक्स शिकलेला मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला जाणार हे घरच्यांनी गृहीत धरलेले. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'कोकणी आवश्यक, मराठी असल्यास उत्तम' ही ओळ आपल्याकडे किती घासाघीस होऊन आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या ओळीवर पिढ्या भांडल्या. तांत्रिक पात्रतेच्या ओळीवर कुणी अर्धा तासही भांडत नाही. केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ चे आहे. सरकारी खरेदीत एकाच ब्रँडचे नाव घालू नये, घालावेच लागले तर 'किंवा समकक्ष' म्हणावे, हा दंडकही जुना आहे. मग टेबल-खुर्चीला जो नियम लावतो तो माणसाच्या पात्रतेला का लावू नये?

'किंवा समकक्ष' एवढे लिहून भागत नाही, हेही सांगायला हवे. समकक्ष कोण हे ठरवायचे कुणी? ठरवणारा नसला की छाननीच्या टेबलावरचा माणूस सुरक्षित मार्ग धरतो, आणि नाव लिहिलेले प्रमाणपत्र तेवढे आत घेतो. म्हणून ओळ अशी हवी: डिस्क आणि बॅकअप सांभाळणे, सेवा सुरू ठेवणे, वापरकर्त्यांचे हक्क लावणे ही कामे स्वतः केलेली असावीत, प्रत्यक्ष यंत्रावर द्यावी लागणाऱ्या कोणत्याही लिनक्स प्रशासन परीक्षेचे मुदतीतले प्रमाणपत्र चालेल, ते नसेल तर दोन तासांची प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागेल. यात रेड हॅटवाला आत येतो, लिनक्स फाउंडेशनवाला येतो, आणि पैसे नसल्यामुळे काहीच न दिलेला पण कामात तरबेज असा माणूसही येतो. एलपीआयवाल्याला चाचणी द्यावी लागेल. त्याचा मला खेद नाही, कारण त्याच्याकडून मला हात बघायचे आहेत. शिकवायला मात्र एलपीआयचाच अभ्यासक्रम घ्यावा असे मी तंत्रनिकेतनांना सांगेन: रुंद आहे, कुणाचा बांधील नाही, आणि जाहीर आहे. मराठीतून ऐकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीत आहेत.

चाचणीवर सगळ्यात खणखणीत आक्षेप मला एका सरकारी कार्यालयातल्या परिचिताने ऐकवला, आणि तो खास इथला आहे. २०२४ मध्ये नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणांनी गोवा ढवळून निघाला. अशा राज्यात खात्याने स्वतःची प्रत्यक्ष चाचणी घेतली, तर वशिल्याला नवे दार मिळाले असेच लोक म्हणणार. परदेशातल्या कंपनीला इथल्या कुणाचा भाचा कोण हे ठाऊक नसते. म्हणून बाहेरचे प्रमाणपत्र निर्मळ वाटते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परीक्षा लेखी असो वा तोंडी, गुण देणारा माणूस असला की संशय येतोच.

पण लिनक्सच्या चाचणीत गुण द्यायला माणूस लागत नाही. उमेदवाराने काम संपवले की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे आणि तपासणीची स्क्रिप्ट चालवायची: डिस्क जोडली गेली का, सेवा उठली का, बॅकअपमधली फाइल जागेवर परत आली का, एसईलिनक्स चालू आहे का. मोठ्या परीक्षांतही गुण असेच मोजतात. उमेदवाराने टंकलेला प्रत्येक आदेश नोंदवून ठेवायची सोय लिनक्समध्ये पहिल्यापासून आहे. कर्मचारी भरती आयोग संगणकावर परीक्षा घेतोच आहे. खोली आहे, यंत्रे आहेत, नेटशिवाय चालेल अशी आभासी यंत्रांची प्रत प्रत्येकावर टाकायला एक दुपार पुरते. चाचणी संपल्यावर तपासणीची स्क्रिप्ट जाहीर करावी, उमेदवाराला त्याच्या यंत्राची नोंद आणि गुण त्याच दिवशी द्यावेत, हरकतीसाठी आठवडा ठेवावा, आणि पुढच्या खेपेला चाचणीत दुरुस्तीसाठी घातलेले बिघाड बदलावेत. स्क्रिप्ट लिहायला खात्यात माणूस नसेल तर ते काम फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे किंवा पणजीच्या तंत्रनिकेतनाकडे द्यावे, आणि लिहिणाऱ्यांची नावे निकालासोबत छापावीत.